चाळिशीच्या उंबरठ्यावर जबड्याची ठेवण सुधारून घ्यावी का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी विश्रामबागेत राहते आणि एका माध्यमिक शाळेत शिकवते. वय ३९. माझा खालचा जबडा लहानपणापासून मागे आहे, वरचे पटाशीचे दात पुढे आहेत आणि तोंड मिटले की खालचे पुढचे दात थेट टाळूला टेकतात. शाळेत असताना तार लावण्याचा विषय घरात निघाला होता, पण त्या वर्षी मोठ्या बहिणीचे लग्न निघाले आणि तो मागे पडला तो पडलाच. आता टाळूवर दातांचे व्रण उठू लागले आहेत आणि पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडता येत नाही. डावीकडची खालची पहिली दाढ कॉलेजात असताना किडल्यामुळे काढली होती, त्या मोकळ्या जागेत मागची दाढ कलंडली आहे. जांभई देताना उजव्या कानापाशी कट् असा आवाज येतो, दुखत मात्र नाही.

दोन ठिकाणी दाखवले. एका डॉक्टरांनी सांगितले की वरच्या दोन उपदाढा (सुळ्यामागचे दात) काढून तारा लावू, दोनेक वर्षांत पुढचे दात आत येतील. दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे की मूळ दोष दातांत नसून जबड्याच्या हाडात आहे, तेव्हा तारा लावून नंतर खालचा जबडा पुढे आणण्याचे ऑपरेशन करणे हाच योग्य उपाय आहे. दोघांनीही मनापासून वेळ दिला, दोघांवरही अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही; तरीही उत्तरांत एवढे अंतर पाहून मी गोंधळले आहे. सासूबाईंना वाटते की इतकी वर्षे निभावले तसे पुढेही निभावेल. मला तसे वाटत नाही, कारण त्रास वाढतो आहे. शिवाय बाजूने काढलेल्या फोटोत माझी हनुवटी दिसते ती मला आवडत नाही, हेही कारण त्यात आहे आणि ते लपवावे असे मला वाटत नाही.

ज्यांनी मोठ्या वयात हे उपचार घेतले आहेत किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया लिहावे.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, आपल्या दोन्ही डॉक्टरांनी बाजूने काढायचा डोक्याचा एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, काढून घेतला होता का? माझ्या धाकट्या भावाच्या वेळी पहिल्या ठिकाणी फक्त तोंडात पाहून सल्ला मिळाला होता आणि दुसऱ्या ठिकाणी सगळी मापे घेऊन. एका माणसाच्या एकाच जबड्याबद्दल दोन मते येण्यामागे हेही कारण असू शकते.

दंतरेषा (मिरज)

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्याची ठेवण सुधारणारा दंतवैद्य आहे. न तपासता निदान करणे योग्य नाही, त्यामुळे आपल्याला काय करावे हे मी सांगणार नाही. दोन उत्तरे का आली आणि त्यांतून निवड कशी करतात, एवढे मात्र सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट वयाची. दात सरकण्याला वयाची वरची मर्यादा नाही. दाताच्या मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते. दातावर सौम्य आणि सतत दाब दिला की ज्या दिशेने तो ढकलला जातो तिकडचे हाड झिजते आणि मागे रिकाम्या होणाऱ्या बाजूला नवे हाड भरते. ही प्रक्रिया विशीत चालते तशीच पन्नाशीतही चालते, सुरुवात थोडी संथ होते इतकेच. महिन्याला साधारण १ मिलिमीटर हा अंदाज प्रौढांनाही धरता येतो. मोठ्या वयात जे थांबलेले असते ती जबड्याची वाढ. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण दिले तर वाढीच्या त्या काळाचा उपयोग करून घेता येतो. ३९व्या वर्षी तो मार्ग उरत नाही. टाळूच्या मध्यावरची हाडांची सांधही तोवर घट्ट जुळलेली असते, म्हणून अरुंद वरचा जबडा रुंद करायचा झाल्यास प्रौढांत हाडात बसवलेल्या स्क्रूचा आधार किंवा छोटी शस्त्रक्रिया लागते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. एडवर्ड अँगल यांनी १८९९मध्ये पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग केले आणि ते आजही आम्ही वापरतो. आपण वर्णन केलेली ठेवण दुसऱ्या वर्गातली, म्हणजे खालची दाढ वरचीच्या मानाने मागे बसते त्यातली, वाटते. पण दाढांचा वर्ग कळला म्हणजे कारण कळले असे होत नाही. वरचे दात पुढे कललेले असू शकतात, वरचा जबडाच पुढे असू शकतो, खालचा जबडा लहान किंवा मागे असू शकतो, आणि बहुतेक वेळा यांतले काही एकत्र असते. हे वेगळे करण्यासाठीच सेफॅलोग्राम लागतो. वरच्या दातांची कड खालच्या दातांपेक्षा २ ते ३ मिलिमीटर पुढे असणे सर्वसाधारण मानले जाते. वाढ पूर्ण झालेल्या माणसात हे अंतर १० मिलिमीटरच्या पुढे गेले की नुसते दात सरकवून ते मिटवणे अवघड होते. त्याच्या आतल्या अनेक रुग्णांना दोन्ही मार्ग खुले असतात आणि तिथेच दोन प्रामाणिक डॉक्टरांची मते वेगळी होतात.

पहिल्या मार्गाला आम्ही आपसांत कॅमोफ्लाज म्हणतो. हाड आहे तिथेच ठेवायचे, वरच्या उपदाढांच्या जागेत पुढचे दात मागे घ्यायचे, आणि दात एकमेकांवर नीट बसवायचे. दुसऱ्या मार्गात आधी तारा, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा काही महिने तारा असा क्रम असतो. या दोन मार्गांत दात एकमेकांच्या उलट दिशेने हलवावे लागतात, ही गोष्ट रुग्णांना फार क्वचित स्पष्ट करून सांगितली जाते. लहान खालच्या जबड्याची उणीव भरून काढण्यासाठी शरीराने खालचे दात आधीच पुढे कलवलेले असतात. कॅमोफ्लाज करताना तो कल राहू देतात किंवा किंचित वाढवतात आणि वरचे दात आत घेतात. शस्त्रक्रियेची तयारी करताना मात्र खालचे दात सरळ उभे करून मागे आणावे लागतात, त्यासाठी कधी खालच्या उपदाढा काढाव्या लागतात, आणि त्यामुळे ऑपरेशनपर्यंतच्या वर्ष-दीड वर्षात वरच्या-खालच्या दातांतले अंतर वाढते, चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. म्हणून "आधी तारा लावून बघू, नाही जमले तर ऑपरेशन करू" असा विचार धोक्याचा आहे. वरच्या दोन उपदाढा काढून ती जागा बंद झाल्यावर खालचा जबडा पुढे आणायला हवे तेवढे अंतरच उरत नाही. मग ती जागा पुन्हा उघडण्याचे लांबलचक काम करावे लागते. कोणता मार्ग घ्यायचा हे पहिला ब्रॅकेट (तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवायचा छोटा तुकडा) चिकटवण्याआधी ठरले पाहिजे.

कृष्णाकाठ (सांगली)

अजिंक्यतारा, सेफॅलोग्राम दुसऱ्या ठिकाणी काढला होता, पहिल्या ठिकाणी फक्त सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे म्हणजे ओपीजी काढला होता.

दंतरेषा सर, एवढे समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही मार्ग उलट दिशेचे असतात हे मला कोणीच सांगितले नव्हते. एक शंका विचारते. दाढ काढलेली जागा आणि सांध्यातला आवाज, या दोन्हींचे काय करतात? ठेवण सुधारली की आवाज जाईल असे मला एके ठिकाणी सांगण्यात आले आहे.

दंतरेषा (मिरज)

आवाजाबद्दल आधी सांगतो, कारण त्याबाबत दिलेली आश्वासने मला अस्वस्थ करतात. जबड्याच्या सांध्यात एक चकती असते. ती जागेवरून थोडी सरकलेली असली की तोंड उघडताना जागेवर येते आणि त्या क्षणी आवाज होतो. दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल आणि जबडा अडकत नसेल, तर अशा आवाजाला बहुधा उपचाराची गरजच नसते. दुखत असेल तर आधी मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम, रात्री दात चावण्याची सवय असल्यास स्प्लिंट (दातांवर घालायचा साचा), असे परत फिरता येणारे उपाय करून पाहतात. तारा लावल्याने किंवा जबड्याचे ऑपरेशन केल्याने सांध्याचे दुखणे खात्रीने बरे होते, असा भरवशाचा पुरावा उपलब्ध नाही. ठेवण सुधारायची असेल तर ती चावण्यासाठी, टाळूच्या जखमेसाठी, चेहऱ्यासाठी सुधारावी. आवाज जाईल या आशेवर नको. उलट उपचार सुरू करण्याआधी सांध्याची स्थिती कागदावर नोंदवून घ्यावी, म्हणजे पुढे काही बदलले तर तुलना करता येते.

कलंडलेल्या दाढेचे काम मला स्वतःला या सगळ्यात फार समाधान देणारे वाटते. आपल्या भागात तिशी-चाळिशीतल्या असंख्य माणसांची खालची पहिली दाढ लहानपणीच गेलेली असते, मागची दाढ तिरपी होते, वरची दाढ मोकळ्या जागेत खाली उतरते, आणि तरीही त्या स्थितीतच ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेला कृत्रिम दात) बसवून दिला जातो. तो फार काळ टिकत नाही, कारण तिरप्या दाढेवर चावण्याचा दाब वेडावाकडा पडतो आणि तिच्या पुढच्या कोनात अन्न अडकून हिरडी खराब होते. हाडात १.५ ते २ मिलिमीटर व्यासाचा छोटा स्क्रू जागेपुरती भूल देऊन बसवतात आणि त्याच्या आधाराने ती दाढ सरळ उभी करतात, तशाच स्क्रूने वरची उतरलेली दाढ वर ढकलतात. काम झाले की स्क्रू काढून टाकतात. एक पथ्य पाळावे: इम्प्लांट (हाडात रोवायचे कृत्रिम दाताचे मूळ) बसवण्याची घाई करू नये. इम्प्लांट हाडाला थेट चिकटतो, त्याच्याभोवती ते तंतूंचे अस्तर नसते, म्हणून तो कधीही सरकत नाही. आधी दात जागेवर आणायचे, मग इम्प्लांट.

मळ्यातली वाट (कराड)

मी हिरड्यांच्या विकारांवर काम करते. दंतरेषा सरांच्या लिहिण्यात एक भाग यायचा राहिला आहे आणि प्रौढांच्या बाबतीत मी तो सर्वांत आधी ठेवेन. लहान मुलाच्या दाताभोवती हाड पूर्ण असते. चाळिशीतल्या माणसाच्या दाताभोवती ते असेलच असे नाही. हिरड्यांना सूज असताना, दातांच्या मुळांवर कीट साचलेले असताना आणि रक्त येत असताना तारा लावल्या, तर हाड झिजण्याचा वेग वाढतो आणि सरळ झालेले दात हलू लागतात. म्हणून प्रत्येक दाताभोवतीच्या खाचेची खोली मोजून घ्या, मुळांपर्यंतची सफाई करून घ्या आणि काही महिने थांबून पुन्हा मोजून घ्या. रक्त थांबले, खाच उथळ झाली, की मगच तारा. उपचार चालू असतानाही दर तीन महिन्यांनी हिरड्यांची तपासणी व्हावी. हाड कमी झालेले असले तरी आजार काबूत असेल तर दात सरकवता येतात, फक्त दाब कमी ठेवावा लागतो.

पुढच्या दातांत चाळिशीनंतर नव्याने फट पडू लागणे, दात पंख्यासारखे पसरणे, हे बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराचेच लक्षण असते. असे रुग्ण "फट बुजवून द्या" म्हणून येतात, आणि ती बुजवण्याआधी त्यांचे हाड वाचवावे लागते.

मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून तो आटोक्यात आणल्याखेरीज सुरुवात करू नये. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा घ्यायचे इंजेक्शन चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या औषधांनी दात सरकण्याची क्रिया मंदावते आणि दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी लिहिते. कितीतरी बायका अजून रोज मिश्री लावतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तंबाखूने हिरड्यांतून रक्त येणे दडते, त्यामुळे आजार आहे हे त्यांना स्वतःलाही कळत नाही. गुटखा, सुपारी खाणाऱ्यांचे तोंड आखडत जाते. तोंडात दोन बोटेही जात नसतील तर तारा लावणेही कठीण आणि ऑपरेशन त्याहून कठीण. आधी ते सोडवावे लागते.

सज्जनगड पायथा (सातारा)

मी बँकेत नोकरी करतो. वयाच्या ३१व्या वर्षी खालचा जबडा पुढे आणण्याचे ऑपरेशन पुण्यात करून घेतले. तारा साताऱ्यातच लावल्या होत्या, त्यामुळे दर महिन्याला खंबाटकी घाट ओलांडावा लागला नाही, पण माझे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि पुण्याचे सर्जन यांनी पहिल्याच महिन्यात एकत्र बसून आराखडा लिहिला होता. तसा आराखडा असल्याशिवाय कोणी सुरुवात करू नये असे मला वाटते.

दंतरेषा सरांनी चेहरा आधी वाईट दिसतो असे लिहिले आहे ते अगदी खरे आहे आणि त्या काळात मनाची तयारी लागते. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते, चिरा तोंडाच्या आतून देतात, त्यामुळे गालावर व्रण राहत नाही. दोन्ही बाजूंना जबड्याचे हाड उभे चिरून दातांचा भाग पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी पक्का करतात. ही पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी १९५७मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली आहे, असे माझ्या सर्जननी सांगितले होते. पूर्वी तोंड तारेने कित्येक आठवडे बंद ठेवत. पट्ट्या-स्क्रूंमुळे मला तसे ठेवले नाही, फक्त रबर लावले होते. पहिले काही दिवस सूज इतकी होती की आईने आरशासमोर उभे राहू दिले नाही. सुरुवातीला सगळे पातळ, मग सुमारे दीड महिना मऊ. आई मुगाची खिचडी मिक्सरमधून काढून द्यायची, सोबत ताक आणि नाचणीची आंबील. वजन बरेच उतरले. कामावर तीन आठवड्यांनी गेलो, पण ग्राहकांशी नीट बोलता यायला आणखी वेळ लागला.

आता ज्या गोष्टीचा ताईंनी सर्वांत जास्त विचार करावा असे मला वाटते ती लिहितो. हाड ज्या ठिकाणी चिरतात तिथूनच खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ऑपरेशननंतर माझी हनुवटी पूर्ण बधिर होती. हळूहळू मुंग्या आल्या, मग बरेचसे जाणवू लागले. डाव्या कोपऱ्यात एवढ्याशा जागेत अजूनही स्पर्श वेगळा लागतो. दाढी करताना तिथे सावध राहावे लागते. ओठ हलण्यात काही फरक नाही, फक्त जाणिवेत आहे. मला हे आधी लिहून दिले होते आणि मी ते मान्य करून सही केली होती. आज पुढच्या दातांनी पेरू तोडून खातो, रात्रीचे घोरणे कमी झाले आहे, आणि पुन्हा निवड करायची झाली तरी हीच करेन.

दंतरेषा (मिरज)

सज्जनगड पायथा यांनी फार जबाबदारीने लिहिले आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. बधिरपणा पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाला असतो. तो काही प्रमाणात कायम राहण्याची शक्यता वयानुसार वाढते आणि चाळिशीनंतर ती जास्त धरावी लागते. कृष्णाकाठ ताईंच्या बाबतीत वयाचा मुद्दा खरोखर कुठे लागू होत असेल तर तो इथे. सर्जनला हा प्रश्न थेट विचारावा.

दुसरी गोष्ट घोरण्याची. खालचा जबडा मागे असला की जिभेमागची श्वासाची वाट अरुंद असू शकते. नुसते घोरणे असेल तर वेगळे, पण झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा पेंग येत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर ठेवणीचा निर्णय घेण्याआधी झोपेची तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास थांबण्याच्या तीव्र विकारात दोन्ही जबडे पुढे आणणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. असा विकार निघाला तर तराजू ऑपरेशनच्या बाजूला झुकतो.

येरळाकाठ (विटा)

मी कॅमोफ्लाज निवडले. माझे वय तेव्हा ४२ होते, दातांतले अंतर मध्यम होते, आणि ऑपरेशनची भूल, रजा, घरची शेती हे सगळे मला पेलणारे नव्हते. मुख्य म्हणजे माझ्या चेहऱ्याबद्दल माझी तक्रार नव्हती. वरच्या दोन उपदाढा काढल्या, स्क्रूच्या आधाराने पुढचे दात मागे घेतले. आता ओठ सहज मिटतात आणि चावता येते. हनुवटी होती तिथेच आहे, तशी ती राहणार हे आधी सांगितले होते. ताईंना हनुवटीबद्दल वाटते आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

वाळवा तालुका (इस्लामपूर)

उपदाढा काढल्या की चेहरा बसतो, गाल आत जातात, असे सगळीकडे वाचायला मिळते. निरोगी दात काढणे मला तरी पटत नाही. यावर जाणकारांनी सांगावे.

दंतरेषा (मिरज)

ही भीती पूर्ण निराधार नाही, म्हणून उडवून लावत नाही. पुढचे दात मागे गेले की त्यांच्याबरोबर ओठ काही प्रमाणात मागे जातो. ज्यांचे ओठ पुढे आहेत त्यांना त्याचा फायदा होतो. ज्यांचा वरचा ओठ आधीच सपाट आहे, नाक मोठे आहे आणि हनुवटी मागे आहे, त्यांचे नाक त्यामुळे अधिक पुढे दिसू शकते; अशा चेहऱ्यात वरचे दात फार मागे घेणे मी टाळतो. गाल मात्र उपदाढांमुळे बसत नाहीत. गालांचा भरीवपणा गालाच्या हाडावर, चरबीवर आणि वयावर अवलंबून असतो. दात काढायचे की नाही याचे सरसकट उत्तर नाही, ते बाजूचा चेहरा पाहूनच ठरते.

अक्कलदाढेबद्दलही अनेक जण विचारतात. खालचे पुढचे दात अक्कलदाढेच्या रेट्याने वाकडे होतात, असा पक्का समज आहे. अभ्यासांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. अक्कलदाढ काढायची ती किडली, अडकली, सूज आली म्हणून, किंवा जबड्याच्या ऑपरेशनच्या चिरेच्या वाटेत येते म्हणून.

माणदेशी (दहिवडी)

विषयाला धरूनच विचारतो. माझ्या मोठ्या बंधूंचे वय ३५ आहे. त्यांचे दात आधी सरळ बसत होते, गेल्या दोन वर्षांत हनुवटी हळूहळू डावीकडे सरकली आहे आणि उजवीकडच्या दाढा एकमेकींना टेकत नाहीत. त्यांनाही तारा लावाव्यात का?

दंतरेषा (मिरज)

नाही, आत्ता लावू नयेत. आणि हे मी जोर देऊन लिहितो. लहानपणापासूनची ठेवण आणि मोठेपणी बदलू लागलेली ठेवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढ थांबलेल्या वयात हनुवटी एका बाजूला जाऊ लागली, तर दुसऱ्या बाजूच्या सांध्याचे टोक पुन्हा वाढत आहे का, तिथे गाठ आहे का, की सांधा संधिवाताने झिजतो आहे, हे पाहावे लागते. त्यासाठी मुख व जबडा शल्यचिकित्सकाकडे जावे. गरज पडल्यास ते हाडांचा आण्विक स्कॅन करून वाढ चालू आहे की थांबली हे पाहतात. वाढ चालू असताना दात सरळ केले तर ते पुन्हा बिघडतात. बंधूंचा संपूर्ण खालचा जबडा मोठा होत असेल आणि त्यासोबत चपलेचा नंबर वाढला असेल, अंगठी घट्ट होऊ लागली असेल, जीभ जाड वाटत असेल, तर वाढीच्या संप्रेरकाची रक्ततपासणी करणारे डॉक्टर गाठावेत. जुने फोटो सोबत न्यावेत, त्यांचा निदानाला फार उपयोग होतो.

अजिंक्यतारा (सातारा)

पारदर्शक अलाइनरबद्दल, म्हणजे तारांऐवजी दातांवर घालायच्या, काढता येणाऱ्या साच्यांबद्दल, कोणी लिहिले नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना ते बरे पडतील असे वाटले. घरच्या घरी ठसा घेऊन अलाइनर पाठवणाऱ्या जाहिरातीही दिसतात.

दंतरेषा (मिरज)

अलाइनर हे चांगले साधन आहे. दिवसातून २० ते २२ तास घातले तरच चालते. थोडी गर्दी, थोड्या फटी यांत ते उत्तम काम करते. टाळूला टेकणारे दात, कलंडलेली दाढ, उपदाढांच्या जागा बंद करणे, यांत अनुभवी हात आणि स्क्रू-रबरांची जोड लागते. नुसत्या अलाइनरवर भिस्त ठेवता येत नाही. घरच्या ठशावर पाठवल्या जाणाऱ्या अलाइनरबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ज्यांनी हिरडी मोजली नाही, एक्स-रे पाहिला नाही, त्यांनी प्रौढाचा दात हलवू नये. अशा पद्धतीने काम करणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली तेव्हा उपचार अर्धवट राहिलेल्या रुग्णांना स्वतःच वाट शोधावी लागली.

"सहा महिन्यांत दात सरळ" असा दावा करणाऱ्या ब्रॅकेटांविषयीही सावध राहावे. ब्रॅकेट महाग आहे म्हणून हाड लवकर झिजत नाही. सिरॅमिक ब्रॅकेट दातांच्या रंगाचे असतात, ते लांबून जाणवत नाहीत, आणि वर्गात शिकवायला त्यांची अडचण येत नाही. हळदीने पिवळी पडतात ती त्यांच्यावरची रबरे. सांगलीच्या स्वयंपाकात ते अटळ आहे. ती दर महिन्याला बदलली जातात, त्यामुळे चिंता करू नये. ऊस सोलून खाणे, कडक चिक्की, भाजलेले मक्याचे कणीस दातांनी तोडणे हे मात्र उपचार संपेपर्यंत बंद ठेवावे. भाकरी, शेंगा चटणी, भडंग चालतात. भडंगातला आख्खा शेंगदाणा पुढच्या दातांऐवजी दाढेकडे न्यावा.

मळ्यातली वाट (कराड)

खर्चाविषयी एक सांगते. खासगी दवाखान्यात सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, स्क्रू, तुटलेले ब्रॅकेट, हिरड्यांची सफाई आणि शेवटी मिळणारे रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचे साधन) धरले आहेत का, हे लेखी विचारावे. सांगलीत भारती विद्यापीठाचे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे आणि इकडे कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात वेळ जास्त जातो, कारण पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, पण ऑर्थोडॉन्टिस्ट, सर्जन आणि हिरडीतज्ज्ञ एकाच इमारतीत भेटतात आणि दोन मार्गांतून निवड करायची असताना हे फार मोलाचे ठरते. आरोग्य विम्यात दातांच्या तारा बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत; जबड्याच्या ऑपरेशनसाठी चावण्यातला दोष आणि टाळूची जखम यांची नोंद असलेले पत्र जोडून आधी लेखी मंजुरी मागावी.

तारा लावणाऱ्यांची पदवीही विचारायला संकोच करू नये. बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस या विषयात केलेले असावे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी आता पुढच्या महिन्यात आधी हिरड्यांची मापे घेणार आहे आणि मग दुसऱ्या डॉक्टरांचा सेफॅलोग्राम घेऊन महाविद्यालयातल्या ऑर्थोडॉन्टिस्ट आणि सर्जन या दोघांना एकाच दिवशी भेटणार आहे. येरळाकाठ ताई, तुमचे हनुवटीबद्दलचे वाक्य माझ्या मनात बसले आहे. सज्जनगड पायथा दादांचे बधिरपणाबद्दलचेही तितकेच. पहिल्या डॉक्टरांनाही सेफॅलोग्राम दाखवून त्यांचे मत तेच राहते का हे विचारणार आहे. शेवटचा एक प्रश्न राहिला. कोणताही मार्ग घेतला तरी रिटेनर किती दिवस घालावे लागते?

दंतरेषा (मिरज)

प्रौढांनी ते कायम घालायचे असते. तारा काढल्यावर पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर, नंतर रात्री झोपताना. खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवून ठेवली तर ती दिसत नाही आणि बरीच वर्षे टिकते, पण तिच्याखाली कीट साचते, म्हणून दात साफ करण्याचा बारीक ब्रश रोज तिथून फिरवावा लागतो. ती तार एका बाजूने सुटली तर दुखत नाही, त्यामुळे कळत नाही आणि दात सरकतो. सहा महिन्यांनी एकदा ती हलत नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सेफॅलोग्रामची नुसती फिल्म नेऊ नका, त्यावर केलेल्या मोजमापांचा कागदही मागून घ्या, म्हणजे दोन्ही डॉक्टर एकाच आकड्यांवर बोलतील.